वेल्शला मागणी नाही

३ मार्च
कौन्सिलचा वेल्श भाषा अधिकारी म्हणून नवा संकल्प. वृद्धाश्रमातल्या प्रत्येकाला विचारायचं : सेवा कुठल्या भाषेत हवी? फॉर्म मीच केला. सुटसुटीत आहे. शिवाय रोज अर्धा तास स्वतःचा वेल्शचा अभ्यास. तशी गरज नाही. मधल्या पातळीची परीक्षा पास आहे.

९ मार्च
फॉर्म आले. वेल्श हवी म्हणणारे : शून्य. तिथेच राहणाऱ्या माझ्या आईनेही इंग्रजीवर खूण केली. जन्म वेल्शमध्ये गेला तिचा. पण विचारायला आल्या मेट्रन मिसेस टकर, इंग्रज. त्यांच्या तोंडावर वेल्श मागणं बरं दिसतं का, म्हणाली. आमची माणसं अशीच. खोलीत एक इंग्रज आला की दहा जण भाषा बदलतात.
असो. मागणी नाही म्हणजे सगळे समाधानी. तसा रिपोर्ट पाठवला.

२१ मार्च
आईला मेंदूचा झटका. इंग्रजी पार पुसली गेली, वेल्श तेवढी उरली, असं डॉक्टर म्हणतात. मुलगा टेगिद, म्हणजे मी, नेमका याच खात्यात, नशीब तिचं. भेटलो. भराभर बोलली. फारसं कळलं नाही. उत्तर वेल्सची बोली, त्यात कवळी काढलेली. लहानपणी माझ्याशी इंग्रजीच बोलली, पोरगा पुढे जावा म्हणून. मी मनात ठेवलेलं नाही.
तिथे हेलेध म्हणून एक मदतनीस मुलगी आहे, वेल्श बोलणारी एकटीच. आईजवळ बसते.

२ एप्रिल
हेलेधची प्रचारासाठी आश्रमातून ऑफिसात बदली करून घेतली. वेल्श बोलणाऱ्यांचा नारिंगी बिल्ला लावून पोस्टरवर झकास दिसते. म्हणाली, टेगिद, तुमच्या आईशी आता बोलणार कोण? पोस्टर?
म्हटलं, मी आहे ना. दर रविवारी.

१२ एप्रिल, रविवार
जमलं नाही. बिल्ल्यांची खोकी आली.

१६ एप्रिल
मिसेस टकरचा फोन. सोमवारी आई पडली, पण लागलं काही नाही. उलट दिवसभर गाते, एकच ओळ. रेकॉर्ड करून मागवलं. ऐकलं. जुनं लोकगीत असणार. डोळे भरून आले.

२३ एप्रिल
समितीपुढे सादरीकरण. शेवटी आईचा आवाज लावला. पडद्यावर माझं भाषांतर : डोंगरा, माझ्या डोंगरा. वेल्श बोलणारे सात सभासद, एकाच्या तोंडून शब्द फुटेना. इंग्रज पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सातांनीही. हेलेध मात्र मधेच उठून गेली. शिस्त नाही.

दुपारी तिचा फोन, आश्रमातून. अँब्युलन्स बोलावलीय. गाणं कसलं, टेगिद? मांडी दुखते, कुणीतरी या. दहा दिवस एवढंच म्हणतायत त्या.
दुखण्याला आमच्या दक्षिणेच्या पुस्तकात वेगळा शब्द आहे; उत्तरेचा ‘ब्रिवो’ मला ‘ब्रिन’, म्हणजे डोंगर, ऐकू आला.
विचारलं, त्या सातांना कळलं होतं, तर बोलले का नाहीत? म्हणाली, पाहुणे बसले होते ना.

२४ एप्रिल
खुबा मोडलाय. उशीर झाला, ऑपरेशन झेपणार नाही म्हणतात. आईशेजारी तासभर बसलो. सावकाश, शुद्ध वेल्शमध्ये बोललो. तिने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग हेलेधचा हात धरून काहीतरी पुटपुटली.
काय म्हणाली, विचारलं. हेलेध सांगेना. राहू द्या हो, म्हणाली. मी अधिकारी आहे, असं ऐकवलं, तेव्हा सांगितलं : हे कौन्सिलचे गृहस्थ गेले की तू बसशील ना?
निघालो.