वांग्याची सत्तावीस रोपे आणि खोलीची चावी

१. २० नोव्हेंबर २०२५ रोजी मी घरच्या काटेरी वांग्याचे दोनशे बी ट्रेमध्ये टाकले. थंडी होती, म्हणून ट्रे खोलीत, विजेच्या गरम चटईवर ठेवले.

२. तापमान मोजणारी तार ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, खुपसायची असते. मी ती बाहेर लोंबती ठेवली. तिला खोलीतली थंडीच लागत राहिली, म्हणून चटई रात्रभर बंद झाली नाही. सकाळी ट्रेमध्ये ४६ अंश होते.

३. एकही बी उगवले नाही. चूक माझी, चटईची नाही.

४. बियाण्याच्या डब्यात तळाशी एकतीस बी उरले होते. आईने ते ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचले. सहाव्या दिवशी कोंब आले. आज सत्तावीस रोपे आहेत.

५. १९ जानेवारीला नागपुरात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत.

६. काल खोलीची चावी आईपुढे ठेवली. तिने घेतली नाही.

मी, सुचिता बापूराव गाभणे, वय २९, कृषी पदविकाधारक, राहणार जऊळका, जिल्हा वाशिम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी धोका शेकडा दोन सांगितला. एवढी मर मी प्रत्येक ट्रेमध्ये धरूनच चालते.

बँकेतील शिल्लक, खोलीतील मांडणी, ट्रे, चटई आणि बियाण्याचा डबा आई जिजाबाई हिचा.

फवारणीचा पंप आणि मोटारसायकल भाऊ शिवम याची. "वांग्याले रजई कायले लागते वं?" असे तो चार लोकांत म्हणाला होता. ते मी विसरलेले नाही. पंप तरीही त्याचाच.

रामकिसन काकांना काही नाही. त्यांनी माझी मिरचीची कोवळी रोपे "हवा खाऊ दे" म्हणून भर दुपारी उन्हात काढली होती. त्यांनी ट्रेला हात लावू नये.

फय्याज चाचांना टमाट्याची रोपे द्यायची होती, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. "मंग मले साक्षीदार कायले केलं?" असे त्यांनी विचारले. रोपे त्यांनी आजच न्यावीत.

कोंब पाहून मी आईला विचारले, कमरेला किती अंश भरत असतील. ती म्हणाली, "तुले पोटात ठेवलं तेवढेच."
मी ते वहीत लिहून घेतले.

माझे काहीही झाले तरी मी किमान बारा दिवस घरी नसेन. शिवम माझ्यासोबत असेल. रोपे १८ तारखेपासून बाहेर सावलीत काढावी लागतील; पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास जास्त. पाणी सकाळीच. कुलूप उघडले नाही तर तीन दिवसांत वाळतील, आणि या वांग्याचे बी दुसरीकडे कुठे नाही.

साक्षीदार: १. शेख फय्याज (सही) २. ग्यानबा चव्हाण (सही)
सही: सुचिता बापूराव गाभणे
जऊळका, ४ जानेवारी २०२६

आई, हे शिवम तुला वाचून दाखवील. चावी घेतली म्हणजे मी परत येणार नाही, असा अर्थ होत नाही. चावी घेशील की नाही, ते शनिवार, १० जानेवारीपर्यंत मला तुझ्या तोंडून सांग.