सव्वा तासावरचे बाबा

सोमवार, सकाळ
ताईचा फोन. बाबांच्या हार्टचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी दहाला. बाबा घाबरलेत. एरवी कुणाकडे काही मागायचे नाहीत, पण म्हणाले म्हणे, आत नेण्याआधी पोराला एकदा बघू दे. मी म्हटलं, पोचलोच समज. हवाई अंतर सहाशे किलोमीटर. सव्वा तास.

सोमवार, संध्याकाळ
बायको म्हणते, बुधवारीच जा. तिला एअर कार्गोतलं काय कळतं? माल कधी पोचेल हे सांगण्यात माझी उमर गेली. आमच्या खात्यात चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचाच वेळ धरतात. आधीचा आणि नंतरचा दुसऱ्या खात्याकडे. गुरुवारी साडेसातचं विमान, पावणेनऊला तिथे. वाटेत फुलंसुद्धा घेता येतील.

मंगळवार
भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, नोकरीसाठी इथेच खोली घेऊन राहतात. आज बसने निघाले. मलाही चल म्हणाले. बारा तास बसमध्ये! कीव आली.

बुधवार
बाबांचा स्वतःहून फोन. विचारलं काय, तर तिकडे हवा कशी आहे. मी म्हटलं, एकदम स्वच्छ, विमान वेळेवर सुटेल. बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर विमानांचं वेळापत्रक उघडलं. संध्याकाळचं विमान आहे अजून. पण आता बदललं तर बायको जन्मभर ऐकवेल.

गुरुवार, पहाटे
टॅक्सीत. विमानतळ गावाबाहेर आहे हे ठाऊक होतं. इतकं बाहेर आहे हे नव्हतं.

७.३०
सुटलं! बायकोला मेसेज टाकला.

८.४५
टेकलं. मिनिटाचा फरक नाही. मी म्हटलंच होतं.

९.१०
अजून आतच. शिडी आलेली नाही. ताईचा मेसेज : बाबा सारखे विचारतायत.

९.४०
बॅगांच्या पट्ट्यासमोर. पट्टा रिकामाच फिरतोय. बॅग सोडून पळावं का? नवी आहे.

१०.०५
टॅक्सी. ड्रायव्हर म्हणतो, हॉस्पिटल तसं समोरच आहे, पण मधे नदी आहे, पुलावरून वळसा. ताई फोन उचलत नाही. देवा, फक्त आजचा दिवस.

शुक्रवार
बाबा सुखरूप आहेत. काल पोचलो तेव्हा त्यांना आत नेलं होतं. जाताना दोनदा मागे वळून दाराकडे बघितलं, ताई म्हणाली. मग भाऊजींचा हात धरला.

आज मला पाच मिनिटं आत सोडलं. बाबांना सगळं नीट समजावून सांगितलं. विमान वेळेवर होतं, चूक शिडीवाल्यांची, त्यात मधे नदी. बाबा शांतपणे मान हलवत होते. एका शब्दाने रागावले नाहीत. मन हलकं झालं.

तेवढ्यात भाऊजी आले. ऑपरेशनला जाताना बाबांनी कानाचं मशीन त्यांच्याकडे दिलं होतं. ते खिशातून काढून त्यांनी बाबांच्या कानात बसवलं. बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, हां, आता सांग, काय म्हणत होतास?

मी म्हटलं, काही नाही बाबा. मला यायला उशीर झाला.