भाडेकरू मिळेना

८ जानेवारी

ती. मावशीस,
ठकूचा सा. न. वि. वि.

घर झालं! राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. तुझ्याच गावात, तुझ्या लेकाच्या, म्हणजे आपल्या दादाच्या घरापासून दोन वळणांवर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. इथल्या भावात मला नुसती गॅलरीसुद्धा मिळाली नसती. आमच्या कारखान्याचा कटिंग मास्तर म्हणतो, चाळिशीच्या आत एखादं घर भाड्यावर असावं, म्हणजे म्हातारपणी मशीनपुढे वाकायला नको. मोबाइलवर एक गृहस्थ रोज गुंतवणूक शिकवतात. त्यांचं म्हणणं, घर राबतं आणि मालक झोपतो. मला त्यातलं झोपणं तेवढं हवंय गं. शाळांच्या गणवेशांची घाई आहे, दिवसभर शिलाईच्या लाइनीवर उभं राहून पायांचे ओंडके झालेत.

सुट्टी मिळत नाही, म्हणून किल्ली कुरियरने पाठवतेय. तू फक्त ती ठेव. कुणी बघायला आलं तर दार उघडून दाखव, बस्स. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून तुला फोनचा वीट आलाय, म्हणून पत्र. दादा-वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू

२० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझी ती ‘फक्त किल्ली’ पोचली. तिच्या मागोमाग नळवाला, रंगवाला, एजंट आणि सोसायटीचे सेक्रेटरी असे सगळे पोचले. तुझं घर राबतं की नाही ते तुझे गृहस्थ जाणोत, मावशी मात्र राबते आहे. मोरीचा पाइप खालच्यांच्या भिंतीवर गळत होता. खालच्या बाई अशा भांडल्या की जणू मीच त्यांच्या डोक्यावर पाणी ओततेय. शेवटी मीच त्यांना चहा करून पाजला, त्यांच्याच स्वयंपाकघरात.

भाडेकरू मिळाला. व्यायामशाळेत शिकवतो. दंड माझ्या मांडीएवढे आणि बोलणं लोण्यासारखं. एजंट म्हणाला, माणूस चोख आहे. एजंटला सगळेच चोख वाटतात.

इकडे नातवाची परीक्षा जवळ आलीय. हॉलमध्ये त्याचा अभ्यास चालतो, म्हणून मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लिहितेय. आता सूनबाईला ओटा हवाय, तेव्हा उठते. जेवत जा वेळेवर. तुझ्यावर जीव आहे म्हणून राबते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
मावशी

१४ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. घरी आले की चपला काढायचंही त्राण उरत नाही. तुझा लोणीवाला याही महिन्यात भाडं चुकवतोय. बँक मात्र चुकत नाही, ती ठरल्या दिवशी पगारातून हप्ता उचलते. म्हणून मी रविवारचं जादा काम घेतलंय. झोपेत कमाई व्हायची म्हणून घर घेतलं आणि झोपच विकून बसले. कटिंग मास्तरला हे सांगितलं तर तो म्हणाला, पहिल्या घराला असंच होतं, दुसरं घे. मी नुसती हसले.

एकदा जाऊन त्याला सांगशील का? मोबाइलवरचे गृहस्थ बजावतात की भाडेकरूच्या अडचणींत भावनेने गुंतायचं नाही. तूही गुंतू नकोस, त्याला चहा पाजू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नव्हता, म्हणजे दुखत असणार.

आठवण ठेव, मी ठेवतेच.

ठकू

२ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

लोणी वितळलं. माणूस गेला. थोडंफार भाडं देऊन गेला आणि भिंतींना मात्र भोकं पाडून गेला. वजनं टांगायला म्हणे. मी गवंडी बोलावला, भोकं बुजवली, मग दोन्ही खोल्या स्वतः पुसून काढल्या. घरी सांगितलं, घर धुऊन वाळेपर्यंत थांबावं लागेल. चटई टाकून बसले. मागच्या खिडकीत दुपारी सावली असते, वारा चांगला येतो. तुला घराची पारख आहे हो.

नवा भाडेकरू घाईने नको. एजंटने एक जोडपं आणलं होतं, ते मोठ्याने बोलणारं निघालं. एक शाळामास्तर आले, त्यांची पुस्तकं फार, भिंतीला ओल धरेल. एक बाई चांगली होती, पण तिला मांजर आहे. मी रोज जाऊन झाडलोट करते, काळजी करू नकोस. गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते.

लोभ आहे, तू तो गृहीत धरतेस तेही आवडतं.

मावशी

२१ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आज रागाने लिहितेय. एजंटचा फोन आला होता. तो म्हणाला की घर चांगलं आहे, पण तुमच्या मावशी टिकू देत नाहीत. तान्हं बाळ घेऊन आलेल्यांना तू सांगितलंस की इथे पाणी येत नाही. पुस्तकवाल्या मास्तरांना म्हणालीस, खालच्या बाई भांडकुदळ आहेत. त्या बाई तर आता तुझ्या मैत्रीण झाल्यात असं तो सांगतो!

मावशी, घर रिकामं आहे आणि हप्ता चालू आहे. परवा लाइनीवर मला भोवळ आली, सुई हातात घुसली. फार काही नाही, पट्टी आहे. पण वाटलं, विकून टाकावं, आपला पिंड नाही हा. तू असं का करतेस ते तरी सांग. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी विचारलंही नसतं, सरळ किल्ली मागून घेतली असती.

ठकू

२८ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आधी हात दाखव डॉक्टरला. पट्टीवर भागवू नकोस.

आता ऐक. एजंट खरं बोलला. मला त्या घरात कुणी यायला नको होतं.

तुझा दादा गुणाचा आहे, सूनबाई त्याहून. मला कुणी वाईट बोललं असतं तर हे लिहिणं सोपं झालं असतं. पण मी हॉलमध्ये झोपते. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की माझी रात्र, आणि दूधवाल्याच्या बेलला माझी सकाळ. अंथरूण दिसू नये म्हणून लगेच गुंडाळते. न्हाणीघर मोकळं कधी होतं त्यावर कान ठेवते. उशीचा अभ्रासुद्धा नातीच्या कपाटात ठेवलाय. कुणी जा म्हणत नाही गं, पण दिवसभर मी कुणाच्या तरी वाटेत असते. तुझ्या रिकाम्या घरात पहिल्यांदा पाय पसरले आणि कुणी ओलांडून गेलं नाही.

तर मलाच भाडेकरू ठेव. भाडं पेन्शनीतून देईन, पूर्ण. काल घरात बोलले. दादा ताटावरून उठला. सूनबाई विचारत होती, आमचं काय चुकलं. तिला मी काय सांगू? नाही म्हणालीस तरी राग नाही, उद्याच त्या मांजरवाल्या बाईंना बोलावते.

मावशी

६ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दादाचा फोन येऊन गेला. म्हणाला, घर घेतलंस ते माझं घर मोडायलाच का? लोक विचारतील, मुलगा असताना आई भाड्याने राहते? बोलताना तो रडत होता.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, मावशीकडून भाडं कसलं घ्यायचं! मग दोन दिवस विचार केला. खरं सांगू? मला भाडं लागेल. न घेता माझा हप्ता निघणार नाही. आणि निघाला असता तरी घेतलं असतं. फुकट ठेवलं तर तू इथेही अंथरूण गुंडाळायला लागशील.

तेव्हा रीतसर करारनामा करू. म्हणजे तुझ्या मर्जीविरुद्ध तुला कुणाला बाहेर काढता येणार नाही, मालक म्हणून मलाही नाही आणि दादालाही नाही. मी रविवारचं जादा काम सोडलंय. हात बरा आहे. दादाला मी पुन्हा फोन करेन, तू त्याच्याशी भांडू नकोस.

तुझीच, आता घरमालकीण,
ठकू

३० ऑगस्ट

मा. घरमालकीणबाईंस,
भाडेकरूचे आशीर्वाद.

राहायला आले. दादा आठवडाभर बोलला नाही. सामानाच्या दिवशी मात्र आला, माझं कपाट त्यानेच हमालाबरोबर वर चढवलं. मग न्हाणीघरात बराच वेळ काहीतरी ठोकत होता. बघते तर भिंतीला धरायची दांडी बसवली होती. जाताना एवढंच म्हणाला की पाय घसरेल. सूनबाईने पडदे शिवून पाठवलेत, आखूड झालेत, पण मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

तक्रार एक आहे, मागच्या खिडकीची कडी लागत नाही. मालकाने दुरुस्त करून द्यावी. स्वतः येऊन दिली तर उत्तम. तुझ्यासाठी गादी घालून ठेवलीय, आणि ती मी गुंडाळणार नाही.

काल दुपारी दार आतून लावलं आणि आडवी झाले. जाग आली तेव्हा दिवे लागले होते. ठकू, मला कुणी उठवलं नव्हतं.

ये लवकर. थकून आलीस तरी चालेल, तशीच ये.

तुझी,
मावशी