वेल्डिंगशिवाय सायलेन्सर

अहो,

तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून न उठवताच कामावर निघाले. चहा थर्मासमध्ये आहे. डोळ्यांत थेंब नऊला घाला.

एक चूक केली आहे. शेजारच्या शिवाभाऊंच्या गाडीच्या सायलेन्सरचा मधला पाइप सडलाय. काल तुम्हाला न विचारताच मी त्यांना म्हटलं, "आमचे हे बसवून देतील."

ते म्हणाले, "पण उदयसिंहला डॉक्टरांनी वेल्डिंग बंद केलंय ना?"

मी म्हटलं, "यात वेल्डिंग येतच नाही. एका पाइपात दुसरा सरकवायचा आणि वरून क्लॅम्प आवळायचा. पुन्हा सडला तर नट सोडून तेवढाच तुकडा काढता येतो." हे तुम्हीच मला पाण्याच्या नळीवर करून दाखवलं होतं.

ते अकराला गाडी खाली आणतील. इंजिन गार होऊ द्या, घाई नको. क्लॅम्प मी कळंबोलीहून आणून टीव्हीखाली ठेवलेत. माप चुकलं असेल तर ओरडू नका, बदलून आणते.

डोळ्यांच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. गॅलरीत बसून नुसत्या आवाजावरून कुणाचा सायलेन्सर फुटलाय ते तुम्ही सांगता, तेव्हा मला वाटतं, यांचं काम काही संपलेलं नाही.

आणि हत्यारांची पेटी विकून टाक म्हणाला होतात ना, ती मी विकली नाही. माळ्यावर आहे. जड आहे, शिवाभाऊंना हात लावायला सांगा.

मंजुषा