अळ्यांचा प्रवास आणि कापूर

श्रीमती गौरांबिका शिवनंजय्या अत्तिगुप्पे यांस,

सप्रेम नमस्कार. इतक्या वर्षांत मी तुला नावाने हाक मारली नाही आणि आता एकदम संपूर्ण नाव लिहितो आहे, याचे तुला हसू येईल. परंतु पत्र योग्य व्यक्तीस पोहोचावे, हा हेतू. तुझे गुडघे तिथे दुखत नसावेत, असे गृहीत धरतो. माझी प्रकृती ठीक आहे. तू गेल्यानंतरचा शिवगणाराधनेचा विधी यथासांग पार पडला. (स्वयंपाक्याने सारात हिंग जास्त घातला. तू असतीस तर घातला नसता.)

तू जाण्यापूर्वी जी रेशीमअंडी उबवायला ठेवली होतीस, त्यांतून सर्व अळ्या निघाल्या. तू अळ्यांसाठी घेतलेल्या भाड्याच्या खोलीत मी त्यांना तुझ्या पद्धतीने कोवळा तुती पाला बारीक चिरून घातला. दुसरी कात टाकून झाल्यावर त्या कल्लहळ्ळीच्या जयलक्ष्मम्माकडे पोहोचवायच्या होत्या. तू तिला शब्द दिला होतास आणि तिने तुतीचा सगळा मळा त्या भरवशावर राखून ठेवला होता. शिवाय, हे कोणास सांगण्याची गरज नव्हती, पण तुझ्या हातचे जिवंत असे आता तेवढेच उरले होते.

उन्हाळ्यात अळ्या पहाटेच्या गारव्यात न्यायच्या, हे मला ठाऊक होते. टेंपो पहाटेच दारात उभा होता. परंतु तुझ्या थोरल्या वहिनी अजून घरी आहेत. त्यांचा मुद्दा असा की, घरात नुकतेच अघटित घडले असता सोमवारी सकाळी निघणे म्हणजे वाटेत राहुकाळ गाठणे. तेव्हा तो टळल्यावरच निघावे. मी राहुकाळास शास्त्रीय आधार नाही हे सविस्तर समजावले आणि नंतर राहुकाळ संपेपर्यंत ओसरीवर बसून राहिलो. (तू त्यांच्याशी वाद घातलेला मी कधी पाहिला नाही. त्याचे कारण आता समजले.)

पुढची अडचण टेंपोचालक पुट्टराजू. गाडीतल्या देवापुढे उदबत्ती लावल्याखेरीज तो किल्ली फिरवत नाही, आणि धूर किंवा उग्र वास अळ्यांना चालत नाही. बऱ्याच चर्चेनंतर देवास न पेटवलेली उदबत्ती अर्पण करण्याचे ठरले. पुट्टराजूने ती तशीच खोचली, हात जोडले आणि देवाला सांगितले, "मास्तरांची आज्ञा आहे, माझ्यावर राग धरू नकोस."

तबकांवर जाळी, जाळीवर ओली गोणपाटे अशी व्यवस्था करून आम्ही निघालो. ऊन एव्हाना चांगलेच चढले होते. होसकेरे गावात रस्ता बंद. महादेवाची जत्रा होती आणि रथ बरोबर चौकात येऊन थांबला होता. पत्रा तव्यासारखा तापला. गोणपाटे पाहता पाहता सुकली. मी जाळी उचलून पाहिली, तर पाला कोमेजून कडक झालेला आणि अळ्या मान टाकून निपचित.

समोर जत्रेकरूंना पानक आणि ताक देण्यासाठी उभारलेला झावळ्यांचा मांडव होता. मी कोणाची परवानगी न घेता (होय, मी) एक तबक उचलून आत नेले. मांडवातल्या बायकांनी ते पाहिले मात्र, एकीने ताकाची मडकी सरकवली, दुसरीने बाक मोकळे केले आणि उरलेली तबके हातोहात आत आली. एका उत्साही गृहस्थांनी गोणपाटावर गुळाचे पानकच ओतायला घेतले. "मुंग्यांना आमंत्रण देताय का, भावोजी?" असे म्हणत एकीने त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. मग साधे पाणी आले.

तेवढ्यात पुजारी कापराची आरती घेऊन मांडवाकडेच येऊ लागले. वाऱ्याचा रोख आमच्याकडे. मी पुढे होऊन विनंती करण्यासाठी योग्य वाक्य जुळवत होतो. तोवर ताक वाटणारी म्हातारी आडवी उभी राहिली.

"अय्या, तिथेच थांबा. महादेव पुढच्या सोमवारीही असेल. या अळ्या दुपारपर्यंत राहतील का?"

पुजाऱ्यांनी तबकांकडे पाहिले.

"माझ्या घरी तिसरी कात चाललीय, आजी. मला कशाला शिकवता?" असे म्हणून त्यांनी आरती वळवली आणि महादेवाला चौकाच्या पलीकडून, धूर आमच्याकडे येणार नाही अशा बाजूने ओवाळले. सगळ्यांनी तिकडे तोंड करून हात जोडले. मीही जोडले.

उन्हे उतरल्यावर आम्ही कल्लहळ्ळी गाठली. जयलक्ष्मम्माने ताजा पाला पसरला आणि आम्ही वाट पाहिली. प्रथम एकीने डोके वर केले, मग दुसरीने, मग तबकभर हालचाल सुरू झाली.

"गौरक्काच्याच आहेत," ती म्हणाली. "परक्या घरी खायला लाजत नाहीत."

मी उभ्या उभ्या दोन लोटे ताक प्यालो. तिसरा तिने न विचारता दिला.

एकंदरीत सर्व सुरळीत आहे. हा व्याप आता कायमचा थांबवावा, असा माझा पूर्ण विचारांती निर्णय झाला आहे.

तुझा,
शिवनंजय्या

ता. क. : जयलक्ष्मम्माने पुढच्या खेपेचे विचारले. मी नाही म्हणालो असे तुला वाटले असेल. नवी अंडी आणली आहेत. आपली झोपण्याची खोली सर्वांत गार असल्याने तबके तुझ्या बाजूला मांडली आहेत. घरात रात्री कोणीतरी असलेले बरे. तुझी हरकत असल्यास कळवावे. मात्र स्वप्नात आलीस तर मोगरा माळून येऊ नये.

ता. क. २ : भाड्याची खोली धुऊन काढली. दार ओढून घेतले, कुलूप लावले आणि चाव्या घरमालकांना परत केल्या.