वाट्यांच्या राणीचे डोळे

लिहून ठेवणार : राजेश्वरी सावळाराम झगडे, वय ६१, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार इंदापूर, मूळ गाव शेळगाव, ता. इंदापूर, जि. पुणे.

मी आज पूर्ण शुद्धीवर असून हा कागद स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेला नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा हात मात्र सप्टेंबरपासून थरथरतो. त्यामुळे सही बँकेतल्या सहीसारखी दिसली नाही तरी शंका घेऊ नये, ती माझीच आहे.

माझे लग्न झालेले नाही, मूलबाळ नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे वकील दिग्विजय फडतरे, बारामती, हे सातवीत माझे विद्यार्थी होते. मसुदा वाचून ते म्हणाले, "बाई, एवढं सगळं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. कोणाला काय द्यायचं तेवढंच लागतं." मी म्हटले, का द्यायचे ते लिहिल्याशिवाय मला काहीच देता येणार नाही. त्यांनी पेन खाली ठेवले आणि चहा मागवला.

कलम १. इंदापूर येथील माझे दोन खोल्यांचे घर, आतील सामानासह, माझी भाची प्रगती (भाऊ अजित याची मुलगी, सध्या पुण्यात नोकरीस) हिला मिळावे. पूर्वेची खिडकी बुजवू नये. उजेड तिथूनच येतो.

कलम २. बँकेतील मुदत ठेवीतून माझे अंत्यविधी करून उरेल ते माझ्या शाळेला द्यावे, परंतु केवळ रंग, कागद आणि ब्रश यांसाठी. चित्रकलेच्या तासाला गणित घेणारे मुख्याध्यापक आता तिथे नाहीत, पण त्यांच्यासारखे पुन्हा येतील, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.

कलम ३. माझे चित्रफलक, पॅलेट, ब्रश व रंगपेटी प्रगतीला. पिवळ्या रंगाची नळी मी फेकून दिली आहे. ती शोधू नये.

कलम ४. आता कार्डांविषयी.

मी निवृत्त झाले त्या दिवशी प्रगतीने मला टॅरो कार्डांचा एक जोड भेट दिला. अठ्ठ्याहत्तर पत्ते, परदेशी चित्रे. लोक त्यांवरून भविष्य सांगतात. मला भविष्यात रस नव्हता, मी रेषा बघत होते. शेजारची म्हाळसा भोंग तेव्हा माझ्याकडे आली होती. म्हाळसा ऑर्डरप्रमाणे पुरणपोळ्या, करंज्या, अनारसे, श्रीखंड करून द्यायची. बावड्यापासून बारामतीपर्यंत तिचे डबे जायचे. नवरा लवकर गेला, तरी त्याच कामावर तिने मुलीला, रोहिणीला, नर्सिंगपर्यंत शिकवले. तीस वर्षांचा आमचा शेजार, पण तिने मला कधी "बाई" सोडून दुसरी हाक मारली नाही. तलवारी उगारलेली, मनोऱ्यावरून कोसळणारी ती माणसे तिने एकेक करून पाहिली आणि म्हणाली,

"बाई, ही समदी उपाशी दिसत्यात."

"उपाशी?"

"मग काय! पोटात काय न्हाय म्हणून भांडत्यात. ह्यांच्या हातात कायतरी ग्वाड द्या, मग बघा."

सगळे त्या वाक्यातून सुरू झाले. त्या पत्त्यांवरून मी माझी स्वतःची कार्डे काढू लागले. मूळ चित्रांतल्या पेल्यांच्या मी वाट्या केल्या, काठ्यांची लाटणी, तलवारींच्या सुऱ्या, नाण्यांचे बत्तासे. उलटा टांगलेला माणूस म्हणजे खुंटीला फडक्यात बांधलेला चक्का, आणि त्या गाठोड्याला शांत मिटलेले डोळे. चंद्राची करंजी झाली. नशिबाच्या चाकाची जिलेबी झाली, तिच्यावर चढणारे आणि घसरणारे मुंगळे. मृत्यूच्या कार्डावर घोड्यावरचा सांगाडा होता, तिथे मी चाटूनपुसून रिकामी केलेली खिरीची वाटी काढली. ती पाहून म्हाळसा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

कोणत्या कार्डाला कोणता पदार्थ, हे तीच ठरवायची. मी पुस्तकातला अर्थ वाचून दाखवायचे. ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "अनारसं." किंवा, "न्हाय, कापण्या." कसे कळले म्हणून विचारले तर म्हणायची, "पाक झाला ते कसं कळतं? तसंच." मग ती पदार्थ करायची, मी तो समोर ठेवून काढायचे, आणि चित्र झाले की दोघी मिळून खायचो. तीन वर्षांत अशी एकसष्ट कार्डे झाली. माझ्या उभ्या नोकरीत मी इतकी सुखी नव्हते.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचे नाही. हे मी कबूल करायचे आहे म्हणून लिहीत आहे, आणि ते गाळून बाकीचे मृत्युपत्र वाचू नये.

सत्तावन्नावे कार्ड 'वाट्यांची राणी'. पुस्तकात लिहिले आहे की ही राणी न सांगता जाणते. त्यासाठी म्हाळसाशिवाय मी दुसरे कोणाला बसवणार? ३० मार्च २०२५, गुढीपाडवा. सगळ्या ऑर्डरी देऊन ती माझ्या पूर्वेच्या खिडकीपाशी केशरी श्रीखंडाची वाटी हातात घेऊन बसली. सारखे दंड खाजवत होती.

"हलू नकोस गं."

"उन्हाची खाज हाय बाई. काढा तुमी."

मी चेहरा रंगवला, मग डोळे. बुबुळाभोवती पांढरा लावला तर तो परका दिसू लागला. पुसला. पॅलेटवर थोडा पिवळा घेतला, त्यात किंचित हिरवा, आणि तो लावताच चित्र जिवंत झाले. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हटले, "म्हाळसा, श्रीखंडाचा रंग तुझ्या डोळ्यांत उतरलाय बघ!"

"सकाळधरनं त्येच ढवळतीया. उतरंल न्हायतर काय!"

आम्ही हसलो. शाळेतल्या सवयीने मी कार्डामागे तारीख घातली. पुढच्या महिन्यात प्रगतीने कार्डे संगणकावर चढवली तेव्हा तिने फोनवर विचारले, "आत्या, राणीच्या डोळ्यांतला पिवळा कमी करू का? पांढरे छान दिसतील." मी म्हटले, "त्याला हात लावू नकोस. तोच तर जमलाय."

९ जूनला रोहिणीने आईला बारामतीच्या दवाखान्यात नेले. तोवर म्हाळसाचे अंग हळदीसारखे झाले होते. स्वादुपिंडाचा कर्करोग, पित्ताची वाट बंद. डॉक्टर म्हणाले, "दोन-अडीच महिने आधी आणलं असतं तर ऑपरेशनचा विचार करता आला असता. पण तेव्हाही खात्री देता आली नसती." मी तिथेच उभी होते. अडीच महिने आधी म्हणजे कधी, हा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. १४ सप्टेंबरला म्हाळसा गेली.

तेराव्याची पंगत उठल्यावर रोहिणी माझ्याकडे आली. तिला आईचे चित्र बघायचे होते. मी कार्ड तिच्या हातात दिले. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटले, रडू आवरते आहे. तिने कार्ड उलटे करून तारीख वाचली, पुन्हा सुलटे केले.

"मावशी, आईचे डोळे पिवळे काढलेत तुम्ही."

"श्रीखंडाचा रंग आहे गं तो."

"श्रीखंडाचा नाही. ही कावीळ आहे. पाडव्याच्या दिवशीची."

मी खाली बसले. जमीन कुठे आहे ते हाताने चाचपून बसले. काही वेळ मला कोणाचे बोलणे ऐकू आले नाही. एवढे आठवते की शेजारी म्हाळसाच्या ओटीवर कोणीतरी पत्रावळ्या गोळा करत होते आणि ते हात हलताना दिसत होते, आवाज नव्हता. तेहतीस वर्षे मी मुलांना सांगत आले की जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसते ते काढा. मला दिसले होते. कोणत्याही यंत्राआधी, किती पिवळा आणि किती हिरवा इतके अचूक दिसले होते. आणि त्याला सुंदर म्हणून मी पुढच्या कार्डाकडे वळले. तिला आरशापाशी नेले असते तरी पुरे होते.

रोहिणी कार्ड टेबलावर ठेवून निघून गेली. त्यानंतर तीन महिने तिने माझा फोन उचलला नाही.

त्या दिवसापासून मी ब्रश धरलेला नाही. आता जे दिसते ते बोलून टाकते. बाजारात एका अनोळखी बाईला "तुमची नखं निळी का पडलीत?" असे विचारले, तर ती टोपली उचलून दुसरीकडे जाऊन बसली. इंदापुरात माझ्याविषयी काय बोलतात ते मला माहीत आहे. बोलू देत.

कलम ६. शेळगाव येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा माझा धाकटा भाऊ अजित याला मिळावा. वडिलांनी मला चित्रकला शिकायला पुण्याला धाडले तेव्हा अजित अंगणात उभा राहून म्हणाला होता, "आक्का, चितरं काढून कुणाचं प्वाट भरलंय?" हे मी विसरलेले नाही आणि त्याने विसरावे असेही मला वाटत नाही. यंदा भाऊबीजेला ओवाळताना मला त्याचे घोटे सुजलेले दिसले. ताट हातात तसेच धरून मी म्हटले, उद्याच्या उद्या दवाखान्यात जा.

"आक्का, तू आता डॉक्टर झालीस व्हय?"

"होय, झाले. जा."

पंधरा दिवस त्याने चालढकल केली, मग गेला. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी त्याला घरी येऊ दिले नाही. आता गोळ्या चालू आहेत. त्याने माझे आभार मानलेले नाहीत. डाळिंबाची एक पेटी पाठवली.

कलम ७. ~~'वाट्यांची राणी' हे कार्ड रोहिणी भोंग हिला मिळावे.~~ (रद्द. रा. सा. झ.)

हे कलम कसे रद्द झाले ते त्याखाली हाताने लिहिणे भाग आहे. मसुदा मी रोहिणीला पाठवला होता. ती आज ड्यूटी संपवून थेट वकिलांच्या कचेरीत आली आणि उभ्यानेच वाचू लागली. पाचवे कलम दोनदा वाचले. मग दिग्विजयना म्हणाली, "साक्षीदार कोण आहेत?"

"एक ठरलेत. दुसरं कोणीतरी बघतो. ज्याला काही मिळतं त्यानं सही न केलेली बरी, म्हणून तुम्ही नाही चालणार."

"मग सातवं काढा."

मी म्हटले, "रोहिणी, तुझ्या आईचं चित्र आहे ते."

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मावशी, मी नर्स आहे. रोज दहा माणसांच्या पापण्या ओढून बघते. पाडव्याला मी आईसमोर बसून जेवले. तिनं मला श्रीखंड वाढलं." दिग्विजयनी पाणी पुढे केले. ते न घेता तिने त्यांच्या टेबलावरचे पेन उचलले आणि सातव्या कलमावर स्वतःच्या हाताने रेघ ओढली. ती रेघ तशीच ठेवावी, कागद नव्याने टाइप करू नये.

कलम ८. सबब एकसष्टच्या एकसष्ट कार्डे प्रगतीला मिळावीत. छापायची असल्यास छापावीत. उरलेली सतरा दुसऱ्या कोणाकडून काढून घेऊ नयेत, ती कोरीच छापावीत. राणीच्या डोळ्यांचा रंग बदलू नये. या कार्डांवरून कोणाचेही भविष्य सांगू नये. समोर बसलेल्या माणसाकडे नीट बघावे, आणि काही दिसले तर तिथल्या तिथे सांगावे.

कलम ९. माझ्या तेराव्याला कोणतेही गोड चालेल, श्रीखंड करू नये.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिग्विजय फडतरे यांनी करावी. माझ्या हयातीत यात बदल करण्याचा हक्क मी राखून ठेवला आहे, पाचवे कलम सोडून.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, तो बरोबर आहे. खाली दोघा साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

स्थळ : बारामती
दिनांक : १९ जानेवारी २०२६

(सही) राजेश्वरी सावळाराम झगडे

साक्षीदार :

१. (सही) लखन शिंगाडे, फोटो फ्रेमचे दुकान, इंदापूर. बाईंनी माझ्यादेखत सही केली.

२. (सही) रोहिणी भोंग, परिचारिका, बारामती. राजेश्वरी मावशींनी माझ्यासमोर सही केली. पाचवे कलम मी वाचले आहे. पाडव्याला आईचे डोळे पिवळे होते. मीही तिथेच होते.