रश्मीचा पोलेंटा

रविवार, संध्याकाळ. मारतहळ्ळी.

ऑफिसातल्या रश्मीकडे पोलेंटा खाऊन आल्यापासून अमित तिचंच कौतुक करतोय. म्हणून आज मीही केला. मक्याचा रवा शिजवून थापायचा, वर टोमॅटो-चीज घालून ओव्हनमध्ये ठेवायचा. पण शिजवताना सवयीने हात गेलाच, हिंग-मोहरीची फोडणी देऊन बसले! रश्मीने असं केलं असतं का? तिच्या घरात हिंग तरी असेल का?

अमितने मात्र तीन तुकडे खाल्ले. म्हणाला, "हिंगाने काय मजा आणलीय! रश्मीच्यापेक्षा भारी." मी हवेत. तेवढ्यात पुढे, "उद्या डब्यात जास्त दे हं, रश्मीला चव दाखवतो."

उरलेला सगळा पोलेंटा मी ओट्याशी उभ्याउभ्या संपवला. पोट दुखतंय. दुखू दे.